खोक्यावर पाच मसल कार, माझ्या मोजमापात तीन

नाशिकच्या कॉलेज रोडच्या एका आतल्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर स्केल मॉडेलचं छोटंसं दुकान आहे. तिथून गेल्या महिन्यात पाच गाड्यांचा एक सेट घेतला. १:२४ मापाच्या, धातूच्या, दारं आणि बॉनेट उघडणाऱ्या गाड्या. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘क्लासिक अमेरिकन मसल कार’ असं छापलंय. किंमत ८,४०० रुपये. आत १९६४ ची पॉन्टियॅक जीटीओ, १९६५ ची फोर्ड मस्टँग फास्टबॅक, १९६७ ची शेव्हरले कॉर्व्हेट, १९६८ ची प्लिमथ रोडरनर आणि १९६९ ची डॉज चार्जर आर/टी. सोबत सोळा पानांची माहितीपुस्तिका. बनवणाऱ्या कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

मी सातपूरला एका कारखान्याच्या टूलरूममध्ये एकतीस वर्षं डायमेकर होतो. प्रेशर डायकास्टिंगच्या डाय, म्हणजे वितळलेला धातू दाबाने भरायचे साचे, करायच्या, झिजल्या की दुरुस्त करायच्या, ट्रायल घ्यायची. त्यामुळे असं मॉडेल हातात आलं की माझं बोट आधी पार्टिंग लाइनवर, म्हणजे साच्याचे दोन भाग जुळतात त्या रेघेवर जातं. ही मॉडेलंही आमच्यासारखीच निघतात. जस्ताचा मिश्रधातू, ज्याला शॉपमध्ये झमॅक म्हणतात, त्यात साधारण चार टक्के ॲल्युमिनियम. वितळायला चारशे अंशसुद्धा लागत नाहीत, म्हणून डायवर ताण कमी येतो आणि बारीक नक्षी छान उठते. या सेटमध्ये ती खरोखर छान उठली आहे. जीटीओच्या मागच्या पॅनेलवरची अक्षरं भिंगाखाली वाचता येतात. पाचही गाड्यांवर रंग एकसारखा पातळ बसलाय, कुठे संत्र्याच्या सालीसारखा दिसत नाही. रोडरनरच्या डाव्या दाराच्या खालच्या कडेला मात्र बर, म्हणजे धातूची उरलेली धारदार कड, राहून गेलाय, नखाला लागतो. ट्रिमिंग करणाऱ्याने दोन सेकंद फाइल फिरवली असती तर गेला असता. आमच्याकडे असा पीस इन्स्पेक्शनमधून पुढे गेला नसता.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. खोक्यावरच्या ‘मसल कार’ या दोन शब्दांवरून आमच्याकडे तीन रविवार वाद चालू आहे. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला माझा इंदिरानगरचा भाचा. शेजारचे नाना कधी इकडे, कधी तिकडे. भाच्याचं म्हणणं, “मामा, दोन दारं, व्ही-एट इंजिन, साठचं दशक आणि आवाज, झाली मसल कार.” माझ्या मते एवढ्यावर होत नाही.

माझी व्याख्या १९८६ सालची आहे. भद्रकालीत रद्दीवाल्याकडे एक फाटकं अमेरिकन मासिक मिळालं होतं. मुखपृष्ठ नव्हतं. आत दोन पानभर रोडरनरचं चित्र आणि कोपऱ्यात तिची मूळ किंमत, २,८९६ डॉलर. इंग्रजी तेव्हा जेमतेम यायचं, तरी तो लेख शब्दकोश घेऊन महिनाभर वाचला. त्यातून एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. ही श्रीमंतांची गाडी नव्हती. कारखान्यात पाळीवर जाणारा बावीस वर्षांचा पोरगा हप्त्याने घेऊ शकेल, अशी ती मुद्दाम बनवली होती. मी स्वतः तेव्हा पाळीवर जात होतो, सायकलवर. म्हणून ते वाक्य लक्षात राहिलं.

तर माझ्या हिशेबाने मसल कारला तीन गोष्टी लागतात. सांगाडा मधल्या मापाचा, म्हणजे कंपनीच्या रोजच्या कौटुंबिक गाडीचा. त्यात त्याच कंपनीच्या थोरल्या गाडीचं इंजिन. आणि किंमत पगारदार तरुणाच्या आवाक्यातली. यातली तिसरी गोष्ट लोक सर्रास विसरतात. पुस्तिका छापणाराही विसरलाय. सोळा पानांत एकाही गाडीची किंमत दिलेली नाही.

जीटीओबद्दल वाद नाही, तिच्यापासूनच बहुतेक जण मोजायला सुरुवात करतात. तिची जन्मकथा मला फार आवडते. पॉन्टियॅकची मालक कंपनी जनरल मोटर्स, तिचा नियम होता की मधल्या मापाच्या गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही. पॉन्टियॅकमध्ये तेव्हा जॉन डिलोरियन मुख्य अभियंता होते. त्यांच्या माणसांनी वाट काढली. नवीन मॉडेल केलं तर वरची मंजुरी लागते, पण जुन्या मॉडेलवर ‘पर्याय’ दिला तर लागत नाही. मग टेंपेस्ट ल मान्स या साध्या गाडीवर साधारण २९५ डॉलरचा जादा पर्याय म्हणून ३८९ घनइंचांचं, म्हणजे ६.४ लिटरचं इंजिन दिलं. विक्रीवाल्यांनी पाच हजारांचा अंदाज बांधला होता, पहिल्या वर्षी ३२,४५० गेल्या. मॉडेलमध्ये पुढचे दिवे शेजारीशेजारी आहेत, ते बरोबर. एकावर एक दिवे १९६५ पासून आले. बॉनेटवरचे हवेचे झरोके बंद आहेत तेही बरोबर, खऱ्या गाडीतही ते नुसते दाखवायचे होते. बॉनेट उघडलं की तीन कार्ब्युरेटर एका ओळीत दिसतात. कागदावर ३४८ अश्वशक्तीची हीच ती जोडणी.

नानांनी इथे १९४९ ची ओल्ड्समोबिल रॉकेट ८८ काढली. नानांचं वाचन दांडगं आहे. “मोठ्या गाडीचं इंजिन लहान बॉडीत घालायची युक्ती त्यांनी पंधरा वर्षं आधी केली होती, मग सुरुवात तिथून का नाही?” मुद्दा खरा आहे. थोरल्या ९८ मॉडेलसाठी केलेलं ३०३ घनइंचांचं व्ही-एट त्यांनी लहान बॉडीत बसवलं होतं. मी तिला या घराण्याची आजी मानतो. पण इंजिन १३५ अश्वशक्तीचं, आणि तरुण पोरांसाठी म्हणून वेगळी गाडी, वेगळं नाव, वेगळी जाहिरात हा प्रकार तेव्हा नव्हता. नाना पुढे १९५५ च्या क्रायसलर सी-३०० वर गेले. तिला तीनशे अश्वशक्ती होती, हे कबूल. पण किंमत चार हजार डॉलरच्या पुढे. माझ्या तिसऱ्या अटीत ती अडकते.

भाच्याला तोंडी पटत नाही म्हटल्यावर दुसऱ्या रविवारी मी व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायचा कॅलिपर, बाहेर काढला. टूलरूममधला १५० मिलिमीटरचाच, निवृत्त होताना विकत घेतलेला. गाडी कुठल्या वर्गातली हे व्हीलबेसवरून, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधल्या अंतरावरून चांगलं कळतं. दोन हबच्या मध्यापासून मध्यापर्यंत व्हर्नियर सरळ लागत नाही. भोकांचं अंतर काढतो तसं काढावं लागतं. एकदा हबच्या बाहेरच्या कडांपासून, एकदा आतल्या कडांपासून, आणि दोन्हींची बेरीज भागिले दोन. भाच्याने वहीत लिहून घेतलं. जीटीओ १२१.८ मिलिमीटर. रोडरनर १२२.६. चार्जर १२४.०. चोविसाने गुणून इंच केले तर ११५, ११६ आणि ११७. खऱ्या गाड्यांचे आकडे हेच आहेत, म्हणजे मॉडेल बनवणाऱ्याने माप नीट पाळलंय. मस्टँग ११४.२, म्हणजे १०८ इंच.

“बघ,” मी म्हटलं, “तिघी एका पंगतीत बसल्यात, मस्टँग सात इंच मागे.”

भाचा गप्प बसणाऱ्यातला नाही. “मामा, पण किंमत? मस्टँग २,३६८ डॉलरपासून सुरू होती. तुमच्या रोडरनरपेक्षा स्वस्त. तुमची तिसरी अट तीच तर सगळ्यात चांगली पाळते.”

हे त्याने बरोबर पकडलं, आणि मी त्यावर आठवडाभर विचार केला. मस्टँग १७ एप्रिल १९६४ ला न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात आली आणि वेड्यासारखी विकली गेली. पण ती बनली कशी? फाल्कन या छोट्या, साध्या गाडीचे भाग खाली आणि वर लांब बॉनेट, आखूड शेपटी अशी नवी देखणी बॉडी. सुरुवातीचं इंजिन सहा सिलिंडरचं, १७० घनइंच, १०१ अश्वशक्ती. म्हणजे आधी रूप, मग हवी तर ताकद. जीटीओचं उलटं आहे. रूप शेजारच्या काकांच्या गाडीचं, आत मात्र थोरलं इंजिन. अमेरिकेत मस्टँगच्या जातीला ‘पोनी कार’ असं स्वतंत्र नाव पडलं ते याच कारणाने. कॅमारो, फायरबर्ड, बाराकुडा या तिच्या भाऊबंद. १९६८ च्या वसंतात मस्टँगमध्ये ४२८ कोब्रा जेट इंजिन बसवलं, सात लिटरचं. त्या गाडीला कोणी मसल कार म्हटलं तर मी भांडणार नाही. पोनी कार वाढून मसल कार झाली असं म्हणेन. या खोक्यातली मस्टँग मात्र १९६५ ची आहे, पुढच्या चाकावरच्या पत्र्यावर २८९ घनइंचांच्या इंजिनाचा बिल्ला आहे. देखणी आहे, मॉडेल म्हणून पाचांतलं सर्वांत सफाईदार काम तिच्यावरच झालंय, मागच्या उतरत्या काचेची फिटिंग बघत राहावी अशी. पण खोका चुकला.

कॉर्व्हेटवर फार वेळ घालवत नाही. दोन सीटची, फायबरग्लासच्या बॉडीची, चार हजार डॉलरच्या वरची स्पोर्ट्स कार. १९५३ पासून ती तीच आहे आणि तिला दुसऱ्या नावाची गरजच नाही. वर तिच्या मापातही गडबड निघाली. व्हीलबेस ९८ इंच हवा, म्हणजे मॉडेलमध्ये १०३.७ मिलिमीटर. माझ्या व्हर्नियरला १०५.४ आला. दोनदा तपासलं. खऱ्या गाडीत हा फरक चार सेंटीमीटरचा होतो. चाकाच्या कमानीत चाक किंचित मागे सरकल्यासारखं दिसतं ते यामुळेच.

रोडरनरबद्दल सविस्तर लिहितो, कारण सेट घेतला तो तिच्यासाठी.

तिचं दार उघडून भाचा म्हणाला, “मामा, इथे कंपनीने पैसे वाचवले बघा. चार्जरच्या आत तळाला मखमलीसारखं कार्पेट चिकटवलंय, हिच्यात नुसतं काळं प्लास्टिक. आणि पुढची सीटसुद्धा एकसंध पट्टी, दोन वेगळ्या नाहीत.” मला इतका आनंद झाला की मी त्याच्या हातून गाडी घेऊन खिडकीच्या उजेडात नेली. कारण हेच तर बरोबर आहे! १९६८ च्या साध्या रोडरनरमध्ये कार्पेट नव्हतंच, रबराची मॅट होती. सीट बाकासारखी सरळ. जे जे काढता येईल ते काढलं, आणि वाचलेला पैसा इंजिनात घातला. ३८३ घनइंचांच्या इंजिनाला मोठ्या ४४० चे हेड आणि कॅमशाफ्ट दिले, ३३५ अश्वशक्ती केली, चार गिअरचा हाताने टाकायचा बॉक्स मूळ किमतीत दिला. पैसा फक्त एका हौसेवर उधळला. कार्टूनमधल्या त्या पळणाऱ्या पक्ष्याचं नाव आणि चित्र वापरायला वॉर्नर ब्रदर्सना ५० हजार डॉलर दिले, आणि हॉर्नही त्याच्यासारखा ‘बीप बीप’ वाजेल असा बसवला. पहिल्या वर्षी जवळपास ४५ हजार गाड्या गेल्या. ज्या माणसाने हे मॉडेल डिझाइन करताना तळाला कार्पेट चिकटवायचं नाही असं ठरवलं, त्याला मसल कार कळली आहे. मॅटवरच्या बारीक रेघासुद्धा त्याने डायमध्ये कोरल्यात. तशा रेघा कोरताना हात किती धरावा लागतो ते मला माहीत आहे.

म्हणूनच चार्जरमधली चूक जास्त लागली. बाहेरून गाडी अप्रतिम आहे. जाळीच्या मध्ये उभा दुभाजक आहे, मागचे दिवे लांबट आहेत. १९६८ चे गोल होते, तेव्हा साल बरोबर पाळलंय. जाळीमागे लपणारे पुढचे दिवे नखाने झाकण वर केलं की दिसतात, इतकं बारीक काम. पण पुस्तिकेत लिहिलंय ‘४२६ हेमी’, आणि बॉनेट उघडलं तर इंजिन हेमी नाहीच. हेमी ओळखायला एकच जागा बघायची. तिचा ज्वलनकक्ष अर्धगोल असतो, व्हॉल्व्ह समोरासमोर तिरके आणि स्पार्क प्लग माथ्याजवळ. त्यामुळे व्हॉल्व्ह कव्हर रुंद पसरट असतं आणि प्लगच्या वायरी त्या कव्हरच्याच मधून आत जातात. या मॉडेलमध्ये कव्हर अरुंद आहेत आणि वायरी बाहेरच्या बाजूने एक्झॉस्टजवळ उतरतात. ते ४४० मॅग्नम आहे. वाईट काहीच नाही, आर/टी मध्ये मुळात तेच यायचं, ३७५ अश्वशक्तीचं. मग पुस्तिकेत तसं छापायचं. खऱ्या गाड्यांच्या बाजारात हेमी असण्या-नसण्याने किमतीत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. खेळण्यातही खोटं नाव नको.

पुस्तिकेतल्या अश्वशक्तीच्या आकड्यांबद्दल एक सांगणं गरजेचं आहे. हे सगळे आकडे ‘ग्रॉस’ आहेत. म्हणजे इंजिन टेस्ट बेंचवर एकटं ठेवायचं, एअर फिल्टर नाही, अल्टरनेटरसारखं ओझं नाही, सायलेन्सर नाही, आणि मग मोजायचं. गाडीत सगळं बसवून मोजलं की ‘नेट’ आकडा येतो, आणि १९७२ पासून अमेरिकेत नेटच छापायला लागले. १९७१ मध्ये जनरल मोटर्सने दोन्ही आकडे दिले होते. ४५४ घनइंचांचं एकच एलएस-५ इंजिन ग्रॉसमध्ये ३६५ आणि नेटमध्ये २८५. तेव्हा आजच्या गाडीच्या आकड्याशी जुन्याची तुलना करताना हे ध्यानात ठेवा. माझ्या भाच्याने ती केलीच होती.

शेवट कुठे धरायचा यावर आमचं एकमत आहे. १९७० चा स्वच्छ हवेचा कायदा, १९७१ पासून उतरवलेलं कॉम्प्रेशन, तरुणांवर लादलेले विम्याचे भारी हप्ते आणि मग ऑक्टोबर १९७३ मधली तेलबंदी. १९७४ ची शेवटची जीटीओ लहान व्हेंचुराच्या अंगावर आली, ३५० घनइंचांवर. तिच्याबद्दल कोणी भांडलं नाही.

तिसऱ्या रविवारी, मिसळ खाऊन परतताना, नानांनी काँटेसा काढली. “आपली काँटेसा म्हणजे भारताची मसल कार. अख्खी दुनिया म्हणते.” नानांना तिचा जिव्हाळा आहे, त्यांच्या लग्नाची वरात काँटेसातून निघाली होती. मी त्यांना सांगितलं, नाना, गाडी देखणी, रुबाबदार, बसायला ऐसपैस. पण अंग व्हॉक्सहॉलचं मोठं आणि सुरुवातीला इंजिन ॲम्बॅसेडरचंच, १,४८९ सीसी. मोठ्या अंगात छोटं इंजिन. पुढे इसुझूचं १.८ आलं तेव्हा ती जरा मोकळी झाली. आपल्याकडे त्या वृत्तीच्या जवळ जाणारं काही असेल तर ती यामाहाची आरएक्स १०० मोटरसायकल होती. दिसायला साधी, खिशाला परवडणारी आणि आवळली की पळणारी. सिडकोतल्या अर्ध्या कामगार पोरांकडे ती होती किंवा हवी होती. नाना यावर काही बोलले नाहीत, मान हलवली. त्यांच्या धाकट्या भावाकडे होती.

दुकानाबद्दल. खोका उघडला तेव्हा जीटीओचा डावा आरसा तुटून फोममध्ये पडला होता. फोटो पाठवला. मालक म्हणाले, “काका, गाडी घेऊन या, बदलून देतो.” दुसरा सेट नव्हता, म्हणून त्यांनी शोकेसमधला सेट उघडून त्यातली जीटीओ दिली, माझ्यासमोर दोन्ही बाजूंनी तपासून. खोका नीट बांधूनही दिला. हेमीची चूक दाखवली तर स्वतः भिंग घेऊन बघितली आणि वितरकाला कळवतो म्हणाले. पार्किंगची मात्र बोंब आहे, संध्याकाळी जाऊ नका.

आणि घेणाऱ्यांना एक सूचना. जस्ताच्या धातूत शिसं मिसळलं गेलं तर दहा-वीस वर्षांनी तो आतून फुगतो आणि तडे जातात. गंगाघाटावरच्या बुधवारच्या बाजारातून घेतलेल्या माझ्या एका जुन्या मॉडेलची चॅसी अशीच चिरून दोन तुकडे झाली. यावर उपाय नाही. पण दमटपणाने हे लवकर होतं, तेव्हा पावसाळ्यात काचेच्या कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा.

८,४०० रुपयांना हा सेट घ्यावा का? जीटीओ आणि रोडरनरसाठी घ्यावा. त्या दोघींचंच काम मला सहा हजारांचं वाटतं. चार्जर पुस्तिका बाजूला ठेवून बघितली तर पूर्ण समाधान देते. कॉर्व्हेट मी खालच्या फळीवर, युरोपातल्या स्पोर्ट्स कारच्या शेजारी ठेवली. मस्टँग भाचा घेऊन गेला. “मामा, तुमच्या फळीवर तिला जागा नसेल तर माझ्या टेबलावर आहे,” म्हणाला, आणि जाताना ४२८ ची एखादी मिळाली तर घेऊन येतो, मग मोजू, असं सांगून गेला.

वरच्या फळीवर आता तिघी आहेत, रोडरनर मध्ये. तिच्या उजवीकडे सव्वादोनशे मिलिमीटर जागा मोकळी ठेवलीय. १९७० ची शेव्हेल एसएस, ४५४ घनइंचांची, दुकानदाराने दिवाळीनंतर येईल म्हणून सांगितलंय.